सहा वर्षांचा स्वमग्न मुलगा केवळ तीन पदार्थ खातो. पुढे काय करावे?

प्रश्न : निपाणीची आई

नमस्कार. आम्ही निपाणीजवळच्या एका गावात राहतो. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याला स्वमग्नता असल्याचे निदान होऊन अडीच वर्षे झाली. दूधभात, कोरडे चिरमुरे आणि एकाच कंपनीची ग्लुकोज बिस्किटे यांखेरीज तो काहीही तोंडात घेत नाही. दूधभातही त्याच स्टीलच्या वाटीत, गार आणि एकही शीत अख्खे लागणार नाही इतका कालवलेला लागतो. पूर्वी तो केळे आणि इडली खात असे, पण एका तापाच्या आजारानंतर ते दोन्ही सुटले ते सुटलेच. शिवाय दिवसाला सुमारे एक लिटर दूध पितो.

गेल्या महिन्यात सासूबाईंनी, अर्थातच मायेपोटी, दूधभातात उकडलेले गाजर कुस्करून घातले. पहिल्याच घासाला त्याने ओकारी काढली आणि पुढे अकरा दिवस दूधभाताला शिवला नाही. आता खातो, पण प्रत्येक घासाआधी वाटी नाकाशी नेऊन हुंगतो. वजन वर्षभर १५ किलोवरच अडकले आहे. एका डॉक्टरांनी भूक वाढण्याचे टॉनिक दिले, तेही तो घेत नाही. शेजारपाजारचे सांगतात की दोन दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की आपोआप खाईल. तसे करावे का?

उत्तर : खानापूरचा बाबा

ताई, उपाशी ठेवण्याचा प्रयोग कृपया करू नका. आम्ही तो केला आहे आणि त्याची परिणती सलाईन लावण्यात झाली. पोटात कावळे ओरडणे म्हणजे काय, हे आपल्याला जसे कळते तसे या मुलांपैकी अनेकांना कळत नाही. शरीराकडून येणारी भुकेची सूचनाच त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. त्यामुळे ‘भूक लागली की खाईल’ हा हिशेब इथे चुकतो.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. तिचाही गड चिरमुऱ्यांचाच होता, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. नेहमीचे चिरमुरे तिच्या ताटलीत तसेच ठेवायचे आणि शेजारच्या दुसऱ्या ताटलीत तेच चिरमुरे, फक्त तेलाचे बोट लावलेले. खा म्हणायचे नाही. ती ताटली समोर चालू लागली, मग तिला हात लागू लागला, मग एक दाणा जिभेला लागून परत आला; परत आला तरी आम्ही त्याची गणती जमेतच केली. तेलानंतर मीठ आले. हळदीपाशी मात्र गाडी चार महिने रुतली, कारण पांढरे ते खायचे आणि पिवळे ते नाही, असा तिचा कायदा होता. शेवटी हळद इतकी कमी केली की रंग आमचा आम्हालाही दिसेना, आणि तिथून हळूहळू वाढवत नेली. चिरमुऱ्यांवरून भडंग आणि भडंगावरून पातळ पोह्यांचा चिवडा इथवर यायला चौदा महिने लागले. आज ती साधे पोहे खाते, मात्र कांदा अजूनही वेचून काढते. आमची त्याला हरकत नाही.

उत्तर : बेळगावातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट

वरील अनुभव मोलाचा आहे, परंतु ताई, तुमच्या बाबतीत त्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे, तेही याच आठवड्यात. सहाव्या वर्षी १५ किलो हे वजन कमी आहे आणि ते वर्षभर न हलणे ही त्याहून गंभीर बाब आहे. ही निवड लाडावल्यामुळे होत नाही. वजन किंवा पोषण घसरण्याइतके खाणे मर्यादित होते आणि त्यामागे बारीक होण्याची इच्छा नसते, तेव्हा त्याला अन्न टाळण्याचा विकार मानले जाते. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे.

डॉक्टरांना हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा तपासण्याविषयी विचारा. दुधात लोह अत्यल्प असते आणि लिटरभर दुधाने पोट भरते, त्यामुळे अशा मुलांमध्ये रक्तक्षय वारंवार आढळतो. फळे व भाज्या पूर्ण बंद असलेल्या मुलांना ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्हीही होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त येणे, पाय दुखून चालायला नकार देणे ही त्याची लक्षणे असतात आणि ती पुष्कळदा हाडांचे दुखणे समजली जातात. शौचास खडा होतो का, दात किडले आहेत का, खाताना ठसका लागतो का, हेही सांगा.

तुमच्या यादीत मला एक गोष्ट खटकली. चिरमुरे आणि बिस्कीट कुरकुरीत असले तरी दोन्ही लाळेत विरघळतात, आणि दूधभात तर कालवलेलाच असतो. म्हणजे त्याला दाढेखाली घास चावणे जमते की नाही, याचा पुरावा या तिन्ही पदार्थांतून मिळत नाही. न जमणारी गोष्ट तो नाकारत असेल, तर आग्रहाने ती जमणार नाही. ही तपासणी थेरपिस्टकडून करून घ्या.

आणि औषध असो वा गाजर, दूधभातात काहीही लपवू नका. तो वाटी हुंगतो याचा अर्थ त्याचा विश्वास आधीच डळमळला आहे. उरलेल्या तीन पदार्थांपैकी एक गमावणे तुम्हाला परवडणारे नाही.

उत्तर : चिकोडीची मावशी

मी भाच्याला घेऊन थेरपीला जात असे. तिथले शिक्षण कन्नडमध्ये आणि घरी मराठी, त्यामुळे कन्नडमधले ‘अगी’ आणि आपले ‘चाव’ यांचा अर्थ एकच आहे हे त्याला उमगायला फार वेळ गेला. नंतर दोन्हीकडे तीच चित्रांची कार्डे वापरली, तेव्हा गोंधळ कमी झाला. शाळेत अक्षर दासोहच्या, म्हणजे कर्नाटकातील शालेय माध्यान्ह भोजन योजनेच्या, जेवणाच्या वेळी सांबाराचा वास आणि ताटांचा आवाज त्याला सोसत नसे; मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही त्याला घरचा डबा व्हरांड्यात खाण्याची मुभा मिळवली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्र काढले नसेल तर काढा. शाळेशी बोलताना तो कागद हाती असलेला बरा.

निपाणीची आई

सर्वांचे आभार. गुरुवारी डॉक्टरांकडे जात आहोत. सासूबाईंना ही उत्तरे वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की उद्यापासून भात त्याच्यासमोरच कालवीन, म्हणजे त्यात काय पडते ते त्याला दिसेल. एक शंका उरते : दूध आजपासूनच निम्मे करावे का?

बेळगावातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट

नाही. सध्या त्याचे बरेचसे पोषण त्याच दुधातून होत आहे. गुरुवारी डॉक्टर वजन पाहून किती आणि केव्हा कमी करायचे ते ठरवतील. तोवर फक्त जेवणाच्या आधीचा तासभर दूध देऊ नका. आणि आजींची कल्पना उत्तम आहे. भात कालवताना त्याला शेजारी बसवा.