पत्ता चिकटवला म्हणजे पीडीएफ आली नाही

रहवासी संघ, राजेंद्रनगर, इंदूर

लेलेकाकू, ए-101: कुणाला माहीत आहे का रे? गाडीच्या विम्याची पॉलिसी लॅपटॉपवर क्रोममध्ये उघडली होती. वरचा पत्ता कॉपी करून एव्हरनोटमध्ये, म्हणजे टिपणांच्या ॲपमध्ये, ठेवला. आता दाबलं की लॉगिनचं पान येतं.

तन्मय, बी-304: काकू, नोटमध्ये फक्त पत्ता आहे, फाइल नाही. लॉगिन करून दिसणाऱ्या कागदाचा पत्ता बहुतेक वेळा लॉगिन असेपर्यंतच चालतो. आणि पत्त्याच्या सुरुवातीला 'ब्लॉब' असेल तर टॅब बंद झाला की तो मेलाच.

लेलेकाकू: मग आता?

तन्मय: पुन्हा लॉगिन करा. पीडीएफ उघडली की वर उजवीकडे खाली जाणारा बाण आहे, तो दाबा. फाइल डाउनलोड्समध्ये येईल. आधी तिथूनच उघडून बघा, मग ओढून नोटमध्ये सोडा. उघडत नसेल आणि आकार जेमतेम काही केबी असेल, तर पीडीएफच्या नावाने लॉगिनचंच पान उतरलंय. तेवढ्या वेळात लॉगिन संपलं की असं होतं.

दरवेळी बाण शोधायचा नसेल तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये, अगदी खाली 'ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज'मध्ये 'पीडीएफ डॉक्युमेंट्स' आहे. तिथे 'डाउनलोड पीडीएफ्स' निवडा, मग फाइल थेट उतरते.

देशपांडेकाका, ए-203: एवढं कशाला? कंट्रोल-पी दाबायचं, 'सेव्ह ॲज पीडीएफ'. झालं.

तन्मय: काका, साध्या वेबपानाला ते उत्तम. पण मूळच पीडीएफ असेल तर नको. ई-आधार किंवा संपदावरून (आपल्या मध्य प्रदेशच्या दस्तनोंदणीच्या पोर्टलवरून) काढलेल्या रजिस्ट्रीवर डिजिटल सही असते. प्रिंटमधून नवी फाइल केली की सहीचा ठसा दिसतो तसाच, पण पडताळायला आत काही उरत नाही. फॉर्मचे भरायचे रकानेही जातात.

देशपांडेकाका: हे कोणी सांगतच नाही. आणि मोबाइलवर?

तन्मय: फाइल्स ॲप, डाउनलोड्स, फाइलवर बोट दाबून धरा, शेअर, मग नोटचं ॲप. यादीत गूगलचं नोट ॲप कीप असलं तरी तिकडे जाऊ नका, कीपमध्ये पीडीएफ जोडता येत नाही.

सचिव: संघाची कागदपत्रं वननोट या नोट ॲपमध्ये आहेत. तिथे 'प्रिंटआउट' आणि 'अटॅचमेंट' असं दोन्ही विचारतं. काय घ्यायचं?

वैद्यवहिनी, सी-202: भाऊ, दोन-चार पानांचं पत्र असेल तर प्रिंटआउट. पानांची चित्रं नोटमध्येच दिसतात, वर लिहिता येतं. ऑडिटचा जाडजूड अहवाल मात्र अटॅचमेंटच ठेवा, नाहीतर नोट उघडायलाच वेळ खाते.

सचिव: जुने सरकारी आदेश शोधले तर सापडत नाहीत हो. 'नामांतरण' (मालमत्ता नव्या मालकाच्या नावावर करणं) टाइप केलं, शून्य निकाल. समोर शब्द दिसतोय!

वैद्यवहिनी: आपल्याकडचे बरेच जुने हिंदी आदेश कृतिदेवमध्ये टाइप केलेले आहेत. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं असतात. त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा, भलतंच काहीतरी उमटेल. शोध त्या आतल्या अक्षरांवर चालतो, म्हणून रिकामा येतो. स्कॅन केलेल्या कागदात तर अक्षरंच नसतात, नुसता फोटो. कधी कधी युनिकोडमधली, म्हणजे आत खरी देवनागरी अक्षरं असलेली पीडीएफही दगा देते, वेलांट्या आणि जोडाक्षरं आत उलटसुलट साठवलेली असतात.

यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. फाइलच्या वर नोटमध्ये हाताने दोन ओळी लिहायच्या: कोणाचा कागद, कशाबद्दल, क्रमांक, तारीख. 'नामांतरण' मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, जसं आठवेल तसं. फाइलचं नाव वर्षाने सुरू करा, 2024-07-संपत्तिकर-पावती असं, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. 'डाउनलोड (3)' हे नाव नव्हे.

तन्मय: एक राहिलं. पासवर्ड असलेल्या पीडीएफच्या आतही शोध चालत नाही, तिथेही वहिनींच्या दोन ओळी लागतीलच. फक्त पासवर्ड त्याच नोटमध्ये लिहू नका. ई-आधारचा तर लिहायची गरजही नाही: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष.

देशपांडेकाका: ते क्रोममधलं पान नोटमध्ये टाकणारं एक्स्टेन्शन, क्लिपर, डेस्कटॉपवरची पीडीएफ घेतच नाही, ते का?

तन्मय: एक्स्टेन्शनच्या 'डिटेल्स'मध्ये 'अलाऊ ॲक्सेस टू फाइल यूआरएल्स' बंद असतं. ते चालू करा आणि टॅब पुन्हा उघडा.