मदत हवी आहे: सकाळी गाडी नुसती टक् टक् करते, परवा मिरजेला जायचंय

होटगीरोड_४५
सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारला की टक् टक् आवाज, पुढे काही नाही. दुपारी सुरू होते, थंडी पडल्यापासून पहाटे अजिबात नाही. गॅरेजवाला म्हणतो सेल्फ गेला, सहा हजार. परवा पहाटे पाचला आईला डोळे दाखवायला मिरजेला न्यायचंय. घरीच काय करता येईल? लवकर सांगा.

डिझेलवाला
हीटर प्लग, डिझेल इंजिन आधी गरम करणारे. चावी फिरवून स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. थंडीत माझं दरवर्षी हेच.

जुळे_सोलापूरकर
अहो, आधी पेट्रोल की डिझेल ते तर विचारा! आणि सेल्फ फिरतच नसेल तर हीटर प्लगचा काय संबंध? बॅटरी किती जुनी?

होटगीरोड_४५
पेट्रोल. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच टाकलीय, ती चांगली आहे.

डिझेलवाला
नवी म्हणजे चांगलीच असं नाही. गाडी महिनाभर उभी होती का?

गाडीवेडा
इंजिन ऑईल सिंथेटिक टाका. पहाटे जुनं ऑईल घट्ट होतं, इंजिनाला फिरायला जड जातं. मी टाकल्यापासून एकदाही त्रास नाही.

जुळे_सोलापूरकर
सोलापुरात थंडी पडून पडून किती पडते हो? ऑईलने टक् टक् होत नाही.

अप्पा_वर्कशॉप
एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, म्हणून विचारतो. हेडलाईट लावून सेल्फ मार. दिवे मंद होतात की तसेच राहतात?

होटगीरोड_४५
तसेच राहतात अप्पा. लख्ख.

अप्पा_वर्कशॉप
मग बॅटरीवर ताणच येत नाही. करंट वाटेतच अडतोय. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आहे का? काळी दांडी बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांग. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायची वाट, खराब.

होटगीरोड_४५
अप्पा, ३.१ दाखवतंय!! गाडी पावसाळाभर चिंचेखाली उभी होती. वाकून बघितलं, इंजिनाकडून बॉडीला जाणारी जाळीची पट्टी नटापाशी हिरवीगार झालीय, निम्म्या तारा तुटल्यात.

अप्पा_वर्कशॉप
सापडलं बघ, हीच अर्थिंगची पट्टी. आधी बॅटरीचा मायनस सोड, दहाचा पाना लागेल. प्लस आधी सोडलास आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडेल. पट्टी काढून नवी टाक. दोन्ही टोकांना, नटाच्या जागेलाही काच पेपर मारून चकचकीत कर. ग्रीस वरून लाव, मधे नाही. मायनस शेवटी जोड.

डिझेलवाला
मी तरी सोबत जंपर केबल ठेवीन, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला. शेवटची काळी क्लिप मेलेल्या बॅटरीवर नाही, इंजिनाच्या लोखंडाला.

जुळे_सोलापूरकर
हे मात्र बरोबर. टायरची हवाही बघा, पहाटेच्या गारव्यात एखाद-दोन पौंड कमी भरते. थंड टायरवरच मोजा.

होटगीरोड_४५
पट्टी दोनशेला मिळाली, मापाची नव्हती, भोक थोडं मोठं करून बसवली. सेल्फला हात लावला नाही. आज पहाटे ४:५० ला पहिल्याच सेल्फला सुरू झाली. मंगळवेढ्यात चहाला थांबलोय. आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलीय, अप्पांना नमस्कार सांग म्हणाली.

अप्पा_वर्कशॉप
माऊलींना माझाही नमस्कार. मिरजेत पोचलास की इंजिन गार झाल्यावर त्या नटाला पाना लावून बघ, नवी पट्टी आहे, सैल झाला असेल तर आवळ.