शब्दचर्चा: माउसने फिल्टर फिरवताना लेटन्सी, लॅग, डिले, झिपर नॉइज यांना काय म्हणायचं?

बर्डीकर: नागपुरात अभियांत्रिकीच्या मुलांसाठी कार्यशाळा आहे, टिपणं मराठीत द्यायची आहेत. माइकचा आवाज फिल्टरमधून न्यायचा आणि तो फिल्टर चालू आवाजातच माउसने फिरवायचा, असा विषय. प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर ही आवाजाच्या प्रोग्रामिंगची दोन्ही सॉफ्टवेअर दाखवणार. सध्याचा मथळा असा: ‘माउसच्या हालचालींद्वारे श्राव्य संकेत प्रक्रियेचे वास्तविक-काल नियंत्रण’. वाचूनच झोप येऊन राहिली. शिवाय लेटन्सी, लॅग, डिले, तिन्हींपुढे ‘विलंब’च लिहिलाय. सुचवा.

महालकर: भाऊ, मथळा राहू द्या, आधी ते तीन विलंब वेगळे करा. तिथेच मुलं अडकतात.

लेटन्सी म्हणजे यंत्रणेला लागणारा वेळ. सेकंदाला 48000 नमुन्यांच्या दराने 256 नमुन्यांचा बफर (एका वेळी साठवायचा गठ्ठा) असेल तर 5.33 मिलिसेकंद, 1024 चा असेल तर 21.3. साधा यूएसबी माउस सेकंदाला 125 वेळा आपली खबर देतो, म्हणजे आणखी जास्तीत जास्त 8 मिलिसेकंद. याला सरळ ‘उशीर’ म्हणा.

लॅग आपण मुद्दाम लावतो. सुपरकोलायडरमध्ये बाणाची आडवी जागा वाचणाऱ्या माउसएक्सला किमान, कमाल, वार्प (सरळ रेषेत की घातांकी), लॅग असे चार आकडे द्यायचे असतात. चौथा दिलाच नाही तर तो 0.2 सेकंद धरतो. तेवढ्या वेळात जुन्या-नव्या किमतीतलं अंतर हजारांश भागावर येतं. बफर 1024 वरून 256 वर आणून वाचतात एका बाजूचे सोळा मिलिसेकंद, आणि इकडे दोनशे तसेच बसलेले! मुलं साउंडकार्डाला दोष देत बसतात. चौथा आकडा 0.05 केला की काम होतं.

तिसरा डिले, तो आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा इफेक्ट आहे. त्याला डिलेच राहू द्या. ‘विलंब’ हा शब्द टिपणांत एकदाही नको.

धरमपेठ: सहमत. त्यात प्युअर डेटाची एक गंमत: ऑडिओ सेटिंग्जमध्ये ‘डिले (एमसेक)’ असा रकाना आहे, तो लेटन्सीचा आहे, इफेक्टशी त्याचा काही संबंध नाही. इफेक्टसाठी डेलराइट आणि डेलरीड हे वेगळे ऑब्जेक्ट आहेत. रकान्यातला आकडा फार खाली आणला की आवाज तुटायला लागतो. टिपणात स्क्रीनचं चित्र देऊन त्या रकान्यावर ‘उशीर’ लिहा.

लॅगला काय म्हणणार पण? मला ‘मींड’ सुचतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं.

महालकर: ऑसिलेटरची पट्टी माउसला लावली तर मींड अगदी चपखल. इथे स्वर हलतच नाही, फिल्टरचा कटऑफ (ज्या हर्ट्झपासून तो आवाज कापायला लागतो तो आकडा) हलतो. गाणं शिकलेली पोरं हमखास विचारतील की मींड कुठे ऐकू येऊन राहिली. ‘सरकवेळ’ कसं वाटतं? नव्या किमतीवर सरकायला लागणारा वेळ. सेकंदांत का मोजायचा हेही त्यातच आलं.

बर्डीकर: सरकवेळ घेतो. झिपर नॉइजला ‘खरखर’ लिहिलंय, चालेल?

रेशीमबाग: नको. खरखर म्हटलं की नागपुरातला कुठलाही साउंडवाला आधी मिक्सरचा झिजलेला पॉट पाहील आणि काँटॅक्ट क्लीनर मारेल. इथे कारण वेगळं आहे. 48000 वर 64 नमुन्यांचा एक ब्लॉक 1.33 मिलिसेकंदांचा. माउसची नवी खबर दर 8 मिलिसेकंदांनी. म्हणजे सहा ब्लॉक किंमत जागच्या जागी, मग एकदम उडी, परत सहा ब्लॉक तेच. माउस भरभर सरकवला की या उड्या ओळीने लागतात आणि बॅगेची चेन ओढल्यासारखं ऐकू येतं. ‘पायऱ्यांची करकर’ म्हणा, म्हणजे उपायही सुचतो: पायरीच्या जागी उतार.

प्युअर डेटात तो उतार ‘लाइन~’ हा ऑब्जेक्ट देतो: किंमत, 20 मिलिसेकंद, पॅक करून लाइनला. पण हा उतार ‘लॉप~’ या साध्या फिल्टरच्या कटऑफला देऊ नका, तिथे फक्त आकडा चालतो, सिग्नल नाही. ‘व्हीसीएफ~’ या फिल्टरच्या मधल्या इनलेटला सिग्नल चालतो. लो-पास (कटऑफच्या खालचं जाऊ देणारा) हवा तर आउटलेट उजवा. डाव्यातून बँडपास (फक्त मधला पट्टा) येतो आणि आवाज पातळ का झाला म्हणून अर्धा तास जातो.

धरमपेठ: आणि मथळ्यातली ‘हालचाल’ चुकीची आहे. माउसएक्स काय किंवा प्युअर डेटाच्या सायक्लोन या जोड-संचातला माउसस्टेट काय (त्याला ‘पोल’ पाठवला की तो सतत जागा सांगत राहतो), आपण वाचतो ती पडद्यावरच्या बाणाची जागा. बाण कडेला टेकला की हात कितीही सरकवा, किंमत तिथेच. हालचाल हवी तर माउसस्टेटच्या शेवटच्या दोन आउटलेटांतून मागच्या वाचनापासूनचा फरक मिळतो. व्हायोलिनच्या गजासारखं वाजवायचं, म्हणजे हात थांबला की आवाज थांबला, तर हा फरक घ्यावा लागतो. विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करायला सांगा, नाहीतर हात तेवढाच सरकून बाण कधी कमी, कधी जास्त जातो.

बर्डीकर: पटलं. मॅपिंगला ‘प्रतिचित्रण’?

रेशीमबाग: गणिताच्या तासाला ठीक. इथे ‘लावणे’ पुरतं: आडवा अक्ष कटऑफला लावला, उभा क्यूला (फिल्टर कटऑफपाशी किती घुमतो तो आकडा). शब्दापेक्षा कसा लावला ते नीट लिहा. 1920 पिक्सेलच्या पडद्यावर 200 ते 8000 हर्ट्झ सरळ रेषेत लावले तर 200 ते 400 हे सप्तक जेमतेम 49 पिक्सेलांत उरकतं आणि 4000 ते 8000 निम्मा पडदा खातं. घातांकी लावा: x ला 1919 ने भागा, 40 चा तितका घात करा, 200 ने गुणा. मग प्रत्येक सप्तकाला साधारण 361 पिक्सेल, आणि पडद्याच्या मध्यावर 1265 हर्ट्झ. सुपरकोलायडरमध्ये एवढ्यासाठी वार्प 1 लिहिला की झालं. फक्त घातांकीत किमान 0 देऊ नका, शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच.

बर्डीकर: आता रिअल-टाइम. ‘तत्काळ’ की ‘हातासरशी’?

महालकर: हातासरशी ऐकायला गोड, पण त्यात ‘जाता जाता उरकलं’ अशी छटा आहे. तत्काळ म्हणजे लवकर, आणि इथे प्रश्न मुदतीचा आहे: पुढचा ब्लॉक 1.33 मिलिसेकंदांच्या हिशेबात तयार झालाच पाहिजे, नाही झाला तर आवाज तुटतो. मजकुरात ‘रिअल-टाइम’ ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात हे सांगा. वास्तविक-काल कोणीच बोलत नाही.

बर्डीकर: मग मथळा: ‘बाण सरकवा, फिल्टर फिरवा: माउसने रिअल-टाइम ध्वनिप्रक्रिया’. रेझोनन्सला अनुस्पंदन ठेवतोय.

रेशीमबाग: ठेवा, विश्वकोशातला शब्द आहे. पण सुपरकोलायडरच्या आरएलपीएफ या घुमणाऱ्या लो-पास फिल्टरला क्यू देत नाहीत, त्याचा व्यस्त देतात. 0.1 म्हणजे क्यू 10. ‘आकडा लहान, अनुस्पंदन जास्त’ हे ठळक छापा, कोणीतरी 0 टाकतंच. पुढे लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारा) ठेवा, आणि मुलांना हेडफोनच द्या, स्पीकरवर माइक शिट्टी मारेल. कार्यशाळा मे महिन्यात असेल तर कूलर चालूच राहणार, त्याची घरघर माइकात येते आणि बाण डावीकडे नेला की अनुस्पंदन नेमकी तीच फुगवतं. फिल्टरच्या आधी 120 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा) टाका.