सायकलवाले विरुद्ध गाडीवाले : तुमच्यासोबत रस्त्यावर काय काय झालंय?

मी अकरा वर्षं सायकलने कामावर जाते. तीन वर्षांपूर्वी घरात कार आली तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस कार, बाकी सायकल.

गेल्या मंगळवारी सायकलवर असताना एका कारवाल्याने इतकं खेटून ओव्हरटेक केलं की त्याचा साइड मिरर माझ्या कोपराला घासून गेला, आणि वर काच खाली करून तोच ओरडला, "कडेने चालव ना, बापाचा रस्ता आहे का!" आणि शुक्रवारी मी कारमध्ये होते तर एक सायकलवाला एकदम आत आला, मी करकचून ब्रेक दाबला, आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? जवळजवळ तेच वाक्य. तेव्हापासून मला चैन नाहीये.

मंगळवारचं आधी सांगते. मी कडेने का नव्हते? कारण कडेला गटाराची जाळी होती, फटी रस्त्याच्या दिशेतच, माझं टायर बरोब्बर अडकेल एवढ्या रुंद. तिच्यापुढे वाळू साठलेली. सायकलवरच्या माणसाला हे वीस पावलं आधीपासून दिसत असतं आणि तो त्या हिशोबानेच अर्धा मीटर आत सरकलेला असतो. कारच्या सीटवरून ती जाळी दिसतच नाही, बॉनेटच्या पुढे फक्त एक सायकल दिसते जी उगाच मधेमधे करतेय. हे मला स्वतः कार चालवायला लागल्यावर कळलं. आणि कळूनही शुक्रवारी मी ओरडलेच.

म्हणून हा धागा. तुम्ही कशावर होतात, काय झालं, आणि मुख्य म्हणजे त्या क्षणी तुम्हाला नेमकं काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं ते लिहा. चूक कोणाची ते नंतर बघू.

*

दाराचा अनुभव. पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेशेजारून चाललो होतो, अगदी शहाण्यासारखा कडेने, जसं सगळे सांगतात तसं. एका कारचं दार उघडलं. हँडलचं टोक दारावर आदळलं, चाक जागेवर वळलं आणि मी उजव्या खांद्यावर रस्त्याच्या मध्यात पडलो. गळपट्टीचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज लिहितोय.

दार उघडणाऱ्या बाई रडत होत्या. म्हणाल्या मी आरशात बघितलं हो, गाडी नव्हती. आणि मला ते खरं वाटतं. त्या गाडीच शोधत होत्या, त्यामुळे नजर माझ्यावरून फिरली असेल तरी मी त्यांना दिसलो नसेन. पण तेव्हा मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता पार्क केलेल्या गाड्यांपासून पूर्ण दार उघडेल एवढं अंतर ठेवूनच चालवतो, म्हणजे साधारण लेनच्या मधोमध येतो, आणि मग मागचे हॉर्न मारतात. काय करणार? एकीकडे दार, दुसरीकडे हॉर्न. हॉर्नने हाड मोडत नाही.

गाडीवाल्यांना एकच विनंती, दार उघडताना दाराजवळच्या हाताने उघडू नका, लांबच्या हाताने उघडा. ड्रायव्हर असाल तर डावा हात. हात आडवा आला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागचं आपोआप दिसतं. याला 'डच रीच' म्हणतात, ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही 2022 पासून हे आहे. मी घरातल्या सगळ्यांना, शेजाऱ्यांच्या मुलांनासुद्धा शिकवलंय.

*

मी सायकल चालवत नाही, कारवाला आहे, त्यामुळे इथे शिव्या पडतील पण लिहितो.

रात्री दहाची वेळ, दिवे नसलेला रस्ता, समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यावर. ती गाडी गेली आणि माझ्या बॉनेटच्या पुढे एक माणूस होता. काळा शर्ट, काळी पँट, मागे लाल दिवा नाही, साधा रिफ्लेक्टरपण नाही. मी स्टिअरिंग कसं फिरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे जाऊन गाडी थांबवली तर हात इतके थरथरत होते की हँडब्रेक ओढता येईना. तो बाजूने निघून गेला, जाताना माझ्याकडे असा बघून गेला जसं मीच त्याला मारायला निघालो होतो.

त्या रात्री घरी येऊन हिशोब केला. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. माणूस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात व्हायच्या आधीच 17 ते 25 मीटर संपले. तो मला दिसला तेव्हा आमच्यात तेवढं अंतर नव्हतंच. तो वाचला ते समोरची लेन रिकामी होती म्हणून.

सायकलवाल्यांना वाटतं की आम्हाला गाडीचे हेडलाइट दिसतात म्हणजे आपणही त्याला दिसतो. नाही हो. अजिबात नाही. दिवा लावा, हात जोडून सांगतोय. एका माणसाचा जीव माझ्या हातून गेला असता आणि मी काहीही चुकीचं केलं नव्हतं, हे मला कोणी ऐकवलं असतं तरी मी पुढे जगलो कसा असतो?

*

वरच्या दादांचं वाचून अंगावर काटा आला. मी कॉलेजात असताना तोच बिनदिव्याचा काळ्या शर्टातला मुलगा होतो, तो नसेन पण तसाच. रस्त्यावरचा प्रकाश मला पुरतो मग दिवा कशाला असं वाटायचं. दिवा आपल्याला दिसायला नसून आपण दिसायला असतो हे कोणी सांगितलंच नाही. आता मागे लाल दिवा आहेच, शिवाय दोन्ही पेडलना रिफ्लेक्टर आहेत. ते वरखाली हलतात ना, त्यामुळे मागच्याला लांबूनच कळतं की कोणीतरी पाय मारतंय.

*

सोळा वर्षं मोठा ट्रक चालवतो. फार लिहायची सवय नाही.

माझी मुलगी सायकलने शाळेत जायला लागली तेव्हा एका रविवारी तिला उभ्या ट्रकजवळ नेलं. सायकल पुढच्या डाव्या चाकाजवळ उभी केली, आणि तिला माझ्या सीटवर बसवलं. म्हटलं सायकल शोध. तिने आरसे बघितले, वाकून बघितलं, उभं राहून बघितलं. नाही दिसली. म्हणाली बाबा कोणी नेली का. मग खाली उतरवून दाखवली, होती तिथेच होती.

मग दुसरी गोष्ट दाखवली. ट्रक हळू डावीकडे वळवला आणि तिला लांब उभं करून मागचं चाक बघ म्हटलं. पुढचं चाक जिथून जातं तिथून मागचं जात नाही, ते आतून कापत येतं. सिग्नलला ट्रक थांबला की सायकलवाले डावीकडच्या फटीतून पुढे घुसतात, त्यांना वाटतं जागा आहे. जागा असते, पण ट्रक वळायला लागला की ती बंद होते, आणि आत कोण आहे ते मला दिसत नसतं. मागे थांबा. माझे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर तुम्ही मला दिसत नाही.

आणि आम्हाला राक्षस म्हणू नका. वळताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो.

*

ट्रकवाल्या काकांना मनापासून धन्यवाद, हे आमच्या सायकल ग्रुपमध्ये वाचून दाखवणार आहे.

मला सिग्नलबद्दल बोलायचंय कारण गाडीवाल्यांचा सगळ्यात मोठा राग तोच असतो, सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत. खरंय, मीही तोडलेत, आणि कारण आळस नव्हतं दर वेळी. सिग्नल सुटला की मागच्या सगळ्या गाड्या एकदम उसळतात आणि त्या पहिल्या पाच सेकंदात सायकल डगमगत असते, पायात जोर येईपर्यंत ती सरळ जात नाही. त्या लोंढ्याच्या आधी निघून गेलं की सुरक्षित वाटतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात तर 1982 पासून सायकलवाल्यांना 'थांबा' पाटीजवळ पूर्ण न थांबता, बाकीच्यांना वाट देत पुढे जायची कायद्यानेच मुभा आहे.

पण ती मुभा तिथे सगळ्यांना माहीत आहे, आपल्याला ती कोणी दिलेली नाही. आपण तोडतो तेव्हा हिरव्यावर येणाऱ्याच्या मनात आपण नसतोच. मी तोडायचं बंद केलं ते एका आजींमुळे. त्या चालत रस्ता ओलांडत होत्या, त्यांचा सिग्नल होता, आणि मी हूल देऊन त्यांच्या पुढून गेलो. मागे बघितलं तर त्या आहे तिथेच थांबल्या होत्या, पिशवी छातीशी धरून. जे मला ट्रकचं वाटतं ते त्यांना माझं वाटलं होतं.

*

"दोघांचीही चूक असते, एका हाताने टाळी वाजत नाही" हे वाक्य अजून आलं नाही पण येईल, म्हणून आधीच लिहून ठेवते. चूक दोघांची असू शकते. परिणाम दोघांवर सारखा होत नाही.

साधं गणित. धडकेतली ऊर्जा वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. सायकल आणि माणूस मिळून 95 किलो धरा, वेग ताशी 20. कार 1200 किलो, वेग ताशी 50. कारकडे जवळपास 80 पट ऊर्जा आहे. सायकलवाल्याने चूक केली तर बहुतेक वेळा तोच मरतो, कारवाल्याने केली तरी तोच मरतो. मग दोघांकडून सारखीच काळजी मागणं कुठल्या न्यायाने?

आणि हे नुसतं भावनेचं बोलणं नाहीये. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर 3000 हून जास्त माणसं गेली, त्यात 400 हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. आज त्या देशाकडे सायकलींचा देश म्हणून बघतो पण तो तसा जन्माला आला नाही, भांडून झाला. तिथे सायकलवाल्याला गाडीने उडवलं तर नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात गाडीवाल्याची धरतात, सुटका हवी असेल तर त्याने सिद्ध करायचं. वेगळे सायकल ट्रॅक आखले म्हणून भांडणं कमी झाली, लोक अचानक सज्जन झाले म्हणून नाही. आपण एकाच अरुंद पट्टीत सगळ्यांना कोंबतो आणि मग एकमेकांच्या संस्कारांवर घसरतो.

निदान ओव्हरटेक करताना दीड मीटर सोडा. बऱ्याच देशांत तो नियमच आहे. दीड मीटर म्हणजे हात पूर्ण बाजूला पसरून अजून तेवढंच जवळजवळ. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा, दहा सेकंद जातील.

*

धागाकर्ती परत. एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, तीनदा वाचून काढलं.

कालचं सांगते. सायकलवर होते, चढाचा रस्ता, मागून कार येऊन लांब हॉर्न वाजवला. हॉर्न मागून येतो तेव्हा तो कानात नाही, मणक्यात वाजतो, माझं हँडल हललंच. पुढच्या सिग्नलला ती कार शेजारी आली. नेहमी मी समोर बघत राहते किंवा भांडते. काल फक्त विचारलं, "काका, हॉर्न का मारलात?" त्यांनी काच खाली केली, वयस्कर होते, जरा बावरले. म्हणाले, "अगं तुला कळावं की मागे मी आहे. दचकू नयेस म्हणून."

मी म्हटलं, दचकले ना.

त्यांनी इंजिन बंद केलं, दार उघडून (डाव्या हाताने नाही, पण असो) बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, आत बसून वाजव बघू. सिग्नलला अजून चाळीस सेकंद होते. ते बॉनेटपुढे जाऊन पाठमोरे उभे राहिले, मी सायकल स्टँडला लावून आत वाकून हॉर्न दाबला. आत तो अगदी हळू, लांबून आल्यासारखा वाजला. बाहेर ते खांदे वर करून जागेवरच उडाले.

तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्या सगळ्यांनी आम्हा दोघांवर हॉर्न मारायला सुरुवात केली.