विषय: पुण्यात ओक आणि मिशिगनमध्ये आंबा

प्रेषक: एक सभासद, मिशिगन

सप्रेम नमस्कार.

पुण्याला परतलेल्या आपल्या जुन्या सभासद काकांना हा प्रश्न मी मुद्दाम सर्वांसमोर विचारीत आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या खिडकीत आंब्याचे एखादे रोप आहेच. माझ्या वडिलांच्या कोथरूडच्या बंगल्यात हापूसचे कलम लावून 9 वर्षे झाली. झाड हिरवेगार आहे, पण मोहोर आजवर एकदाच आणि तोही नावापुरता आला. गेल्या वर्षी बाबा येथे आले तेव्हा आमच्या अंगणातला व्हाइट ओक हा मोठा पानझडी वृक्ष त्यांच्या मनात भरला. आता आंबा काढून त्या जागी ओक लावावा, असे ते म्हणतात. पुण्यात रस्त्याच्या कडेला ओक आहेतच, मग आपल्याकडे का येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे.

इकडे मी भारतीय दुकानातल्या हापूसच्या दोन कोयी रुजत घातल्या, त्या कुजल्या. मेक्सिकोच्या पिवळ्या आंब्याची कोय मात्र रुजली. ते रोप हीटरजवळच्या खिडकीत ठेवले आहे आणि त्याला रोज पाणी घालते, तरी पाने टोकाकडून करपत आहेत. आंबा आणि ओक या दोन झाडांना नेमके काय लागते, हे काकांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

प्रेषक: जुना सभासद, पुणे

स. न. वि. वि.

तुमचे पत्र दोनदा वाचले. आधी बाबांना एवढेच कळवा की आंबा तोडू नये. (शहरात झाड तोडायचे तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही त्यांच्या कानावर घाला.) दुसरे म्हणजे, पुण्यात रस्त्याकडेला दिसतो तो सिल्व्हर ओक. तो ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडचा वृक्ष आहे. त्याचे कूळ निराळे, फूल निराळे, आणि ओकशी त्याचे नाते केवळ नावापुरते. खरा ओक सह्याद्रीत किंवा दख्खनच्या पठारावर कोठेही आपोआप उगवत नाही. आपल्या देशात तो भेटतो मुख्यतः हिमालयात. उत्तराखंडात ज्याला बांज म्हणतात, तो ओकच.

आंबा उष्णतेचा आणि ओक थंडीचा, असे आपण म्हणतो आणि ते खोटे नाही. आंब्याचे कोवळे झाड शून्याखाली एकदोन अंश तापमान गेले तरी मरते, तर तुमच्या अंगणातला ओक उणे 20 अंशांत निवांत उभा असतो. परंतु एवढ्यावर थांबले की दोन्ही झाडांच्या बाबतीत एकच चूक होते: झाडाला वाढायला काय लागते तेवढेच आपण पाहतो आणि वाढ थांबवायला काय लागते, ते विसरतो. विश्रांती दोघांनाही हवी असते, फक्त तिचा प्रकार वेगळा आहे.

ओकची विश्रांती थंडीची आहे. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की तो पाने उतरवून कळ्या मिटून घेतो, आणि मग मधूनच एखादा उबदार आठवडा आला तरी त्या कळ्या फुटत नाहीत. शून्याच्या थोड्या वरची थंडी अनेक आठवडे सलग सोसल्यानंतरच त्या वसंतातल्या उबेला प्रतिसाद देतात. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री साधारण 10-12 अंशांपर्यंत उतरतात आणि दुपारी पुन्हा 28-30 अंश होतात. माणसाला ही थंडी सुखाची वाटते, पण व्हाइट ओकच्या कळीच्या हिशेबात ती धरली जात नाही. असे झाड धड झोपत नाही आणि धड जागेही होत नाही. पालवी अवेळी आणि विरळ फुटते. शिवाय त्याला किंचित आम्ल जमीन मानवते, आणि कोथरूडकडे बहुतेक ठिकाणी खाली मुरूम व वर चुनखडीची काळी माती. तेथे लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात.

आंब्याची विश्रांती कोरडी आहे. आंबा सतत वाढत नाही, तो टप्प्याटप्प्याने पालवतो. एक पालवी जून झाली की फांदीच्या टोकाच्या डोळ्यातून पुढे काय निघेल, नवी पालवी की मोहोर, हे त्या वेळच्या हवेवर आणि मुळांतल्या ओलाव्यावर ठरते. पाऊस सरल्यावर जमीन सुकली, रात्री थंडावल्या आणि पालवी जून असली तर मोहोर येतो; ऊब आणि ओल दोन्ही मिळत राहिली तर पुन्हा पानेच येतात. म्हणून कोकणातला बागायतदार पावसाळा संपल्यावर कलमांना पाणी देत नाही, आणि फळे वाटाण्याएवढी दिसू लागल्यावरच, सोय असेल तर, पाणी सुरू करतो. बाबांच्या कलमाखाली हिरवळ आहे का आणि तिच्यावर हिवाळाभर फवारे चालतात का, हे मला कळवा. तसे असेल तर त्या झाडाला आजवर विश्रांती मिळालेलीच नाही. हापूस मुळात लहरी आहे, भरघोस मोहोरला तर पुढच्या वर्षी रुसतो आणि पुण्यात केसरइतका रमत नाही, हे मान्य. तरीही 9 वर्षे पानेच येत राहावीत, याचे पहिले कारण मी पाण्यातच शोधीन.

आता कोयींविषयी. आंब्याची कोय आणि ओकचे बी यांच्यात एक गोष्ट समान आहे, ती मला फार मोलाची वाटते: दोन्ही बिया वाळल्या की मरतात. गहू-ज्वारीप्रमाणे त्या डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरता येत नाहीत. व्हाइट ओकचे बी पडल्यावर त्याच शरदात मूळ जमिनीत सोडते आणि कोंब मात्र वसंतापर्यंत राखून ठेवते. रेड ओक या ओकच्या दुसऱ्या जातीच्या बीला आधी काही आठवडे ओलसर थंडी लागते. ही थंडी फ्रिजमध्येही देता येते. आंब्याची कोय फ्रिजमध्ये ठेवली तर गेलीच. ती आंबा खाल्ल्यावर लगेच धुवावी, कवच सांभाळून उघडून आतले बी ओल्या मातीत घालावे.

तुमच्या हापूसच्या कोयी कुजल्या, त्यात तुमचा दोष नसावा. 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले ते फळावर किरणांचा मारा करण्याच्या अटीवर. कोयीतल्या भुंग्यासारख्या किडीचा बंदोबस्त व्हावा हा त्यामागचा हेतू, पण त्या मात्रेत कोयीतला अंकुरही वाचणे कठीण. शिवाय हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, रायवळच येतो. म्हणून तर कलमे बांधावी लागतात. मेक्सिकोचे आंबे किरणांऐवजी बहुधा गरम पाण्यात बुडवून येतात आणि ती कोय जगते. तो पिवळा, चपटा आंबा आटाउल्फो असेल तर आणखी आनंदाची गोष्ट: त्याच्या एका कोयीतून अनेक रोपे येतात आणि त्यांतली बहुतेक मूळ झाडाच्याच गुणांची असतात.

तुमच्या खिडकीतले रोप मला वाटते तहानेने नव्हे, तर कोरड्या हवेने आणि ओल्या मुळांनी त्रासले आहे. हीटरपासून ते दूर करा. दिवसभर ऊन मिळेल अशी दक्षिणेकडची खिडकी द्या, उजेड अपुरा असेल तर वर दिवा लावा. वरची दोन बोटे माती सुकल्यावरच पाणी घाला आणि ते कुंडीखालच्या थाळीत साचू देऊ नका.

प्रेषक: सभासद, मिशिगन

काका, बाबांशी फोनवर बोलले. हिरवळ आहे आणि फवारे वर्षभर रोज पहाटे चालतात! आंबा तोडायचे त्यांनी तूर्त रहित केले, पण नातवंडांच्या घरचा ओक आपल्या दारी असावा, ही इच्छा त्यांच्या मनातून जात नाही. नोव्हेंबरमध्ये येताना मी आमच्या झाडाचे मूठभर बी आणू का? आणि माझे रोप उन्हाळ्यात बाहेर ठेवावे का?

प्रेषक: जुना सभासद, पुणे

बी कृपा करून आणू नका. परदेशी बियाणे भारतात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. एका घराच्या हौसेपायी नवी कीड किंवा बुरशी देशात येण्याचा धोका कोणी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी यंदा झाडाखाली पडलेले बी बाबांच्या नावाने तुमच्याच अंगणात पेरा. पाण्यात टाकून जे बुडेल ते घ्या, दोन बोटे खोल पेरा आणि वर लोखंडी जाळी ठोका, नाहीतर खारी एकही शिल्लक ठेवणार नाहीत. ओक खाली लांब सोटमूळ सोडतो, म्हणून जागा आधीच कायमची निवडा. त्याला फळ धरायला 20 वर्षे किंवा अधिक लागतात, हे नातवंडांना सांगून ठेवा.

आंब्याचे रोप रात्रीचे तापमान 12-13 अंशांच्या वर स्थिरावल्यावर बाहेर काढा. पहिले दोन आठवडे सावलीतून हळूहळू उन्हात न्या आणि सप्टेंबरात रात्री गारठू लागल्या की आत घ्या.

बाबांच्या कलमाभोवती पानांच्या घेराइतकी हिरवळ काढून तेवढ्या भागातले फवारे ऑक्टोबरच्या मध्यापासून बंद ठेवायचे आहेत. मी कोथरूडला जवळच राहतो. दसरा झाला की एका सकाळी स्वतः येऊन फवाऱ्यांची कोणती तोटी बंद करायची, ते माळ्याला दाखवून जाईन. बाबांचा फोन नंबर मला स्वतंत्रपणे कळवावा.