समाजमाध्यमांवरील पोस्टचा राजकीय कल मोजावा का, आणि मोजायचा तर कसा?

(चर्चेतील सर्वांनी कोल्हापुरातील ठिकाणांची नावे टोपणनावे म्हणून घेतली आहेत.)

रंकाळा (मूळ मांडणी)

पोस्टचा राजकीय कल मोजता येतो आणि तो मोजला पाहिजे, असे माझे मत आहे. परंतु डावे आणि उजवे अशी एकच रेषा आखून प्रत्येक पोस्टला त्या रेषेवर जागा देण्याची अमेरिकी अभ्यासांतील पद्धत आपण जशीच्या तशी उचलली, तर हाती येणारा आकडा निरर्थक असेल. तिथे मुख्य पक्ष दोनच आहेत. आपल्या कोल्हापुरात मात्र पक्षाच्या आधी गट येतो. 2021 च्या गोकुळ या जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ एकत्र होते आणि समोर महाडिक गट होता. त्या वर्षी मुश्रीफांचे कौतुक करणारी पोस्ट महाविकास आघाडीच्या बाजूची धरावी लागेल. जुलै 2023 मध्ये मुश्रीफ अजित पवारांबरोबर सरकारमध्ये गेले, त्यामुळे शब्दही न बदलता तीच पोस्ट 2024 मध्ये महायुतीच्या खात्यावर जमा होईल. 2014 मध्ये राष्ट्रवादीकडून लोकसभेवर गेलेले धनंजय महाडिक 2022 मध्ये भाजपकडून राज्यसभेवर गेले. यात कल कोणाचा बदलला, लिहिणाऱ्याचा की नेत्याचा?

म्हणून पोस्ट कोणाविषयी आहे, कोणत्या प्रश्नावर आहे आणि कोणत्या तारखेची आहे, हे प्रत्येक वेळी वेगवेगळे नोंदवावे आणि या नोंदींची बेरीज करू नये. कर्नाटकातील अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यास विरोध करणारी पोस्ट शिरोळ तालुक्यातून आली, तर तिच्यामागे 2019 आणि 2021 चा पूर असतो. तिला सरकारविरोधी असा शिक्का मारणारा माणूस पोस्ट वाचतच नाही.

गंगावेस

आपला युक्तिवाद पटला, तरी निष्कर्ष पटला नाही. मोजमाप बिनचूक असो वा चुकीचे, त्यातून माणसांच्या नावापुढे रंग लिहिलेली एक यादी तयार होते, आणि ती यादी कोणाच्या हाती जाईल याचा विचार आपण केलेला दिसत नाही. ज्या गावात दूध संस्था, सेवा सोसायटी आणि साखर कारखाना यांच्याशी प्रत्येक घर बांधलेले आहे, तिथे ‘हा कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या पोटापाण्यापर्यंत पोहोचते. जून 2023 मध्ये मोबाइलवरील स्टेटसवरून शहरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद करावे लागले, तेव्हा चार ओळींचा मजकूर किती दूर जातो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जे मोजल्याने सामान्य माणूस बोलायला भिईल, ते मोजू नये.

राजारामपुरी

मी संख्याशास्त्र शिकवते आणि मला दोघांशीही वाद घालायचा आहे.

गंगावेस, कल मोजण्यासाठी सामान्य माणसाचे नाव लागतच नाही. ट्विटरने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्वतःच्या अभ्यासात लोकप्रतिनिधींची ट्वीट घेऊन अल्गोरिदम कोणाला अधिक पुढे आणतो हे तपासले होते. सात देशांपैकी सहा देशांत उजव्या बाजूला अधिक उठाव मिळत असल्याचे दिसले, जर्मनी अपवाद ठरला. त्या सात देशांत भारत नव्हता. हे मोजलेच नसते, तर प्रत्येक पक्ष ‘आमच्यावरच अन्याय होतो’ असे म्हणत राहिला असता आणि कोणालाही खोडून काढता आले नसते.

रंकाळा, आपली पद्धत चांगली आहे, पण शिक्का मारणाऱ्यांचे आपसांत किती पटते हे आपण विचारलेच नाही. समजा, दोन वाचकांनी शंभर पोस्ट वाचल्या आणि प्रत्येकाने नव्वद तटस्थ व दहा पक्षपाती ठरवल्या. दोघांचे 86 पोस्टवर एकमत झाले, तर ऐकायला ते उत्तम वाटते. परंतु डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी सरासरी 82 पोस्टवर एकमत झाले असते. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेला कप्पा हा गुणांक हा योगायोग वजा करतो. इथे 100 मधून 82 वजा करून उरलेल्या 18 पैकी 86 वजा 82, म्हणजे 4, असा तो जेमतेम 0.22 येतो. याहून बोलकी गोष्ट अशी, की दोघांनाही पक्षपाती वाटलेल्या पोस्ट केवळ तीन निघतात. ज्या अहवालात नुसती एकमताची टक्केवारी दिलेली असते, त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बिंदू चौक

मी बरीच वर्षे स्थानिक बातम्यांचे संपादन केले आहे. पोस्ट एकेकटी तपासण्यालाच माझा आक्षेप आहे, कारण सर्वांत परिणामकारक पक्षपात न लिहिलेल्या मजकुरात असतो. एखाद्या पानावरची प्रत्येक पोस्ट खरी आणि सौम्य असते. फक्त एकाच गटाची उद्घाटने तिथे दिसतात आणि शक्तिपीठ महामार्गाविरोधातील शेतकऱ्यांचा मोर्चा दिसत नाही. अशा पानाला तुमचे वाचक शंभरपैकी शंभर वेळा तटस्थ ठरवतील आणि त्यांचा कप्पाही उत्तम येईल.

दुसरा मुद्दा भाषेचा आहे. पुण्याच्या एल3क्यूब या संशोधक गटाने 2021 मध्ये सुमारे 16 हजार मराठी ट्वीटवर सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ असे शिक्के मारून संग्रह खुला केला, हे मोलाचे काम आहे. परंतु भावना म्हणजे राजकीय कल नव्हे. खड्ड्याच्या छायाचित्राखाली ‘साहेबांचा नादच खुळा’ असे लिहिले, तर कोल्हापूरचा माणूस काय समजायचे ते समजतो. यंत्र मात्र ती प्रशंसा धरते.

रंकाळा

एकमताची गणिते मी सोडली होती, ही माझी चूक मान्य आहे. बिंदू चौक यांचा आक्षेप अधिक जड आहे. त्यावर एवढेच सुचते, की त्या आठवड्यात जिल्ह्यात काय काय घडले याची यादी वृत्तपत्रांतून आधी करावी आणि मग त्यातले त्या पानावर काय आले ते पाहावे. हे कष्टाचे काम आहे, पण करता येण्याजोगे आहे. फेसबुकवरील सार्वजनिक पाने तपासण्याचे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट 2024 मध्ये बंद झाल्यामुळे ते बहुतांशी हातानेच करावे लागेल.

गंगावेस

नावे काढली म्हणजे ओळख पुसली जाते, हे मला मान्य नाही. गावात चार वाक्यांच्या ढबीवरून आणि मागे दिसणाऱ्या गल्लीवरून माणूस ओळखू येतो. लोकप्रतिनिधींची आणि पक्षांची खाती तपासायला माझी हरकत नाही. त्याच्या पुढे एक पाऊलही नको.

राजारामपुरी

मग प्रचाराचा मोठा भाग निसटेल, कारण तो नेत्यांच्या खात्यांपेक्षा युवा मंचांच्या आणि चाहत्यांच्या नावाने चाललेल्या पानांवर होतो. ज्या पानाने पैसे देऊन राजकीय जाहिरात केली आहे, ते मी सार्वजनिक धरते. मेटाच्या जाहिरात संग्रहात अशा जाहिरातींची आणि त्यांच्या खर्चाच्या अंदाजाची नोंद पाहता येते. आपली रेघ इथपर्यंत सरकवायला आपण तयार आहात का?

गंगावेस

पैसे दिलेल्या पानांपुरता तयार आहे. त्या पानाखाली प्रतिक्रिया लिहिणाऱ्या माणसाला मात्र हात लावू नये.