ठाण्याहून एका दिवसात गरम पाण्याची कुंडं: आईला घेऊन कुठे जाऊ?

वर्तकनगरची_वैजू

नमस्कार मंडळी. आई ६९ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. तिच्या लहानपणी आजोबा सगळ्यांना एसटीने वज्रेश्वरीला न्यायचे आणि तिथल्या कुंडात बुचकळून काढायचे. थंडी पडली तशी तिने तोच धोशा लावलाय. सोबत मावशीही येईल, ती ७६ वर्षांची पण आईपेक्षा ठणठणीत.

रिसॉर्ट नको. मागच्या वर्षी एका ठिकाणी 'नैसर्गिक गरम पाणी' म्हणून माणशी पैसे घेतले आणि टाकीच्या मागे गॅसचा गीझर निघाला. आईने तिथल्या पोराला विचारलं, "अरे, झरा सिलिंडरवर चालतो का?" त्यामुळे खरं, जमिनीतून येणारं पाणी हवंय. फुकट असेल तर उत्तम. सकाळी निघून संध्याकाळी घरी यायचंय. गाडी आहे, पण मला घाटात चालवायची सवय नाही.

कळव्याचा_बंड्या

अकलोली. विषय संपला.

अंबाडी_नाका

बंड्या, विषय संपला कसा? दोन म्हाताऱ्या बायका, त्यात एकीचे गुडघे. अकलोलीला नुसतं 'जा' म्हणून भागत नाही.

वैजूताई, माझं सासर त्याच पट्ट्यातलं, म्हणून सविस्तर लिहितो. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तिन्ही गावं भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरांवर आहेत. लोक सरसकट 'वज्रेश्वरीची कुंडं' म्हणतात, पण ज्या कुंडांसाठी माणसं येतात ती मुख्यतः अकलोलीला आणि गणेशपुरीला. वज्रेश्वरीला देवीचं देऊळ. चिमाजी आप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला होता, १७३९ साली किल्ला पडला आणि मग हे देऊळ बांधलं गेलं. दरवाजा बघाल तर देवळाचा कमी आणि किल्ल्याचा जास्त वाटेल. पायऱ्या पन्नासच्या वर आहेत. आईंना खालूनच नमस्कार करू दे, देवी रागावत नाही.

आता कुंडं. अकलोलीला नदीच्या अंगाला बांधलेली कुंडं आहेत आणि प्रत्येकाचं पाणी वेगळं. एकात आरामात बसाल, शेजारच्यात पाय घातला की 'आई गं'. आपण घरी बंबातलं कढत पाणी काढतो आणि विसण घालून अंगाला सोसवेल असं करतो ना? कुंडात ती सोय नाही. त्यामुळे आधी हात, मग पाय, मग पायरीवर बसायचं आणि सोसलं तरच पुढे. थेट उतरलेली माणसं तितक्याच वेगाने बाहेर येताना मी पाहिली आहेत.

माझं मत विचाराल तर आईंसाठी गणेशपुरी. तिथली कुंडं भीमेश्वर महादेवाच्या देवळापाशी आहेत, भाविक पहाटे अंघोळ करून दर्शनाला जातात, त्यामुळे सकाळचं वातावरण शांत असतं. अकलोलीला सुट्टीच्या दिवशी पिकनिकची पोरं, स्पीकर, वेफर्सची पाकिटं. रविवार तर नकोच. मंगळवार-शुक्रवार देवीचे, तेव्हाही वर्दळ जास्त. बुधवार किंवा गुरुवार धरा, पहाटे साडेपाचला निघा.

रस्ता: ठाण्याहून भिवंडी, अंबाडी नाका आणि तिथून आत. पंचेचाळीसेक किलोमीटर. भिवंडी ते अंबाडी या रस्त्यावरचे खड्डे मी मोजायचे सोडून दिलेत. दुसरा मार्ग घोडबंदरवरून अहमदाबाद महामार्ग, शिरसाड फाटा, पारोळ, उसगाव. लांब आहे, पण आईंच्या कंबरेला बरा. घाट म्हणावा असा कुठेच नाही. फक्त घोडबंदर सकाळी सातच्या आत पार करा, नाहीतर कुंडाऐवजी गाडीतच घाम निघेल.

घोडबंदर_ग्रस्त

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. गायमुखला रोज फुकट सौना.

उरणकर

नवी मुंबईकडून कोणी वाचत असेल तर उन्हेरे विसरू नका. पालीच्या बल्लाळेश्वरापासून तीनेक किलोमीटर, तालुका सुधागड. पेण-वाकणवरून जा किंवा खोपोलीवरून. एका कुंडाचं पाणी फारच कडक आहे, त्यात उतरायचं नाही. अंघोळीचं वेगळं. आजूबाजूला शेतं, मागे सरसगड, गर्दी वज्रेश्वरीच्या मानाने काहीच नाही. फक्त चतुर्थी टाळा, पालीला पाय ठेवायला जागा नसते.

आणि थंडीत त्या बाजूला पोपटी लागते. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून पेटवलेला जाळ. आधी गरम पाण्यात बसायचं, मग गरम शेंगा सोलायच्या. अजून काय पाहिजे?

जाता जाता: उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, ही सगळी नावं 'ऊन पाणी' या आपल्या शब्दातलीच. कोकणात ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. नावात 'उन्ह' दिसलं की गावात कुठेतरी झरा असेल, असं समजून चौकशी करावी.

सांताक्रूझहून_ठाण्यात

गंधकाचं पाणी आहे ते. माझ्या काकांचा त्वचारोग तीन रविवारांत गेला. खाली ज्वालामुखी आहे, म्हणून पाणी तापतं. आईंना पूर्ण बुडवा, डोक्यावरून पाणी घ्या, गुडघे पळायला लागतील.

निवृत्त_भूजलवाला

दादा, काकांना बरं वाटलं यात आनंद आहे, पण ज्वालामुखी काढून टाका. ज्या लाव्ह्यापासून आपला काळा कातळ झाला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब कधीच संपली.

पाणी तापतं ते खोलीमुळे. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५-३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आलं तर गरमच बाहेर पडतं. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये किनाऱ्याला समांतर अशा भेगा आहेत. म्हणून हे झरेही एका रांगेत सापडतात: पालघरमधलं कोकनेरे, हालोली, सातिवली, मग आपलं गणेशपुरी-अकलोली, पुढे उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, आरवली, तुरळ-राजवाडी आणि खाली राजापूर. या पट्ट्यात नोंदलेली तापमानं ३४ पासून ७१ अंशांपर्यंत आहेत, ७१ हा आकडा उन्हवऱ्याचा. म्हणजे 'गरम पाण्याचं कुंड' या एकाच नावाखाली कोमट चहाही येतो आणि भाजणारं पाणीही.

आणि गंधक: वास येतो, खरं आहे. पण या झऱ्यांचं पाणी मुख्यतः क्षारांचं, त्यातही क्लोराइडचं. जिभेला किंचित खारट लागतं. चव घेऊन बघा असं सांगत नाहीये, कारण त्याच पाण्यात चाळीस माणसांनी साबण लावलेला असतो.

फिजिओ_नेरूळ

'पूर्ण बुडवा, डोक्यावरून घ्या' हे वाचून लॉगिन केलं. नको.

कोमट गोड्या पाण्यात एक अमीबा वाढतो, नेग्लेरिया फाउलेरी. नाकातून पाणी वर गेलं तर तो मेंदूपर्यंत पोहोचतो. आजार अतिशय विरळा, पण झाला तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. २०२४ मध्ये केरळात तळ्यांत अंघोळ केलेल्या मुलांना झालेला, आठवत असेल. घाबरायचं कारण नाही. मान पाण्याबाहेर ठेवायची, डुबकी मारायची नाही आणि मुलांना सूर मारू द्यायचा नाही, एवढं पाळा.

गुडघ्यांबद्दल: ऊब मिळाली की स्नायू सैल पडतात, आखडलेपणा कमी होतो, तासभर चालायला बरं वाटतं. झीज भरून येत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरे. बाहेर येताना हळू उठायचं, रक्तदाब एकदम उतरतो आणि म्हातारी माणसं तिथेच पडतात. आईंना मधुमेह आहे का? असेल तर पायांना चटका कळत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज तुम्ही तुमच्या कोपराने घ्यायचा. त्यांना 'सोसतंय का' विचारून उपयोग नाही, त्या 'हो' म्हणतील आणि फोड घरी आल्यावर दिसतील. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने उतरूच नये.

वर्तकनगरची_वैजू

मधुमेह आहे! बरं झालं विचारलंत. आणि पायऱ्यांचं काय? शेवाळ असतं का?

डोंबिवलीची_माहेरवाशीण

असतं. बायकांच्या सोयीचं कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते.

पोहण्याचे कपडे नेऊ नका, ती देवळाची कुंडं आहेत, लोक ओवाळणीचं ताट घेऊन शेजारून जातात. जुना सुती पंजाबी ड्रेस किंवा गाऊन सगळ्यात बरा. साडी पाण्यात पायात अडकते, माझी आत्या त्यामुळेच घसरली होती. कपडे बदलायच्या जागेवर विसंबू नका, दाराला कडी असेलच असं नाही. एक जुनी चादर न्या, दोघींनी धरली की आडोसा झाला. रबरी तळव्याच्या चपला, दोन टॉवेल, ओल्या कपड्यांना पिशवी. चांदीचे पैंजण-जोडवी घरी काढून जा, माझी काळी पडली होती आणि सासूबाईंनी चार दिवस त्यावरून ऐकवलं.

मुख्य मुद्दा. गुडघेवाल्या माणसाला कुंडात उतरवायचंच कशाला? बादली आणि तांब्या न्या. पाच लिटरच्या कॅनमध्ये घरचं गार पाणी न्या. काठावर प्लास्टिकचं स्टूल टाका, कुंडातलं पाणी बादलीत काढा आणि विसण घाला. पाणी तेच, झरा तोच, पायऱ्या मात्र नाहीत. साबण लावायचा तर कुंडापासून लांब.

अंबाडी_नाका

माहेरवाशीणताईंना माझ्याकडून एक प्लेट इडली. (गणेशपुरीत इडली-डोसा चांगला मिळतो. नित्यानंद बाबा मूळचे केरळचे, त्यांच्या समाधीच्या दर्शनाला दक्षिणेतून बरीच माणसं येतात.)

एक राहिलं. पावसाळ्यात कोणी हा धागा वाचून निघू नका. वर तानसा धरण आहे, १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. ते भरून वाहू लागलं की नदी फुगते आणि काठची कुंडं पाण्याखाली जातात. डिसेंबर-जानेवारी हेच खरे दिवस.

कळव्याचा_बंड्या

मी हेच म्हणत होतो, थोडक्यात.

वर्तकनगरची_वैजू

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, रागावू नका.

गाडी नेलीच नाही. आईला लहानपणीसारखी एसटीच हवी होती. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, मावशीला पंचाहत्तरीच्या वर म्हणून फुकट. मावशीने कंडक्टरला आधार कार्ड असं दाखवलं जणू पासपोर्टच. भिवंडीच्या पुढच्या खड्ड्यांत आईने दोनदा माझा हात धरला आणि एकदा ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या.

बुधवार असल्यामुळे गणेशपुरीला मोजकी माणसं होती. पाण्यावर वाफ, समोर देवळाची घंटा. मावशी सरळ पायऱ्या उतरून छातीएवढ्या पाण्यात. मी घड्याळ लावून बसले होते, पंधराव्या मिनिटाला बाहेर बोलावलं तर म्हणते, "तुझं घड्याळ पुढे आहे." आईसाठी स्टूल, बादली, कॅन, सगळा संसार काठावर मांडला. कोपराने पाणी बघितलं, मलाच चटका बसला. जवळजवळ निम्मं गार घालावं लागलं. फिजिओताई, तुमचे खरंच उपकार, कारण विसण घालायच्या आधी आईने त्यात बोट बुडवून "छान आहे की" म्हटलं होतं.

मग ती तासभर पाय बादलीत सोडून बसली. शेजारी कुठल्याशा पाड्यावरच्या आजी धुणं आटोपून टेकल्या होत्या, दोघींचं जमलं. आजोबा नेमक्या कोणत्या पायरीवर बसायचे यावरून आई आणि मावशीचं भांडण झालं, ते परतीच्या एसटीतही चालू होतं. आई म्हणते तशी जागाच तिथे नाही. मला वाटतं ते अकलोलीचं कुंड असावं, पण मी तोंड उघडलं नाही.

गुडघे? त्या संध्याकाळी जिना न थांबता चढली. दुसऱ्या दिवशी परत तीच कुरकुर. पण कॅनमधून दोन लिटर 'ऊन पाणी' घरी आणलंय आणि ते गार का झालं म्हणून माझ्यावरच राग आहे.

@उरणकर, मावशी विचारतेय पोपटी जानेवारीच्या शेवटापर्यंत मिळते का. आणि आई शाकाहारी आहे, नुसत्या शेंगांची लावून देतात का कोणी?

उरणकर

शेंगा, बटाटे, रताळी, वांगी. अंडी-कोंबडी तुमच्या मडक्यात घालायची नाही, एवढं आधी सांगून ठेवायचं. जानेवारी चालेल. चतुर्थी कधी आहे ते बघून मग तारीख कळवा.